चाकांची खुर्ची नको

सुखदेव आजारपणात गेला, तेव्हा चंद्रभागाबाई तिशीच्या आत होत्या. दीर म्हणाले, "आता गावी चला." त्या गेल्या नाहीत. नवऱ्याच्या जागी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागल्या, उभ्याने पाळ्या केल्या आणि क्वार्टरच्या दोन खोल्यांत रोहन-दीपालीला इंजिनिअर केलं. दीपालीला तिच्या कंपनीने कॅलिफोर्नियाला पाठवलं. तिथेच तिचं लग्न झालं आणि २००४ साली तिला दिवस गेले.

"बाळंतपणाला मी जाणार," चंद्रभागाबाईंनी जाहीर केलं.

रोहन हसला. "आई, पंधरा हजार किलोमीटर आहे! फ्रँकफर्टपर्यंत नऊ तास, तिथे विमान बदलायचं, पुढे आणखी अकरा. इंग्रजी येत नाही तुला. कसं झेपेल?"

"पाळीला उभी राहायचे, तेव्हा झेपतं का म्हणून कुणी विचारलं नाही. आता तर नुसतं बसून जायचंय. तिकीट काढ."

त्याने काढलं. पण मुंबईच्या विमानतळावर एक माणूस चाकांची खुर्ची घेऊन पुढे आला. "बसा, आजी."

"मला काय झालंय?"

रोहन खाली बघत म्हणाला, "अगं, मीच सांगितलं होतं. सगळेच आईवडिलांसाठी सांगतात. चुकायला नको म्हणून."

"मग भाषा येत नाही असं सांगायचंस. पाय चालत नाहीत असं कशाला सांगितलंस?"

बॅग खांद्याला लावून त्या आत गेल्या. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

फ्रँकफर्टला मात्र पाय सुजून चपलेत मावत नव्हते. विमानाच्या दाराशी त्यांच्या नावाची पाटी धरून एक गोरी मुलगी खुर्चीसह उभी होती. बसावं, असं क्षणभर वाटलंही. मग त्यांनी मान हलवली आणि तिला ओलांडून गर्दीत शिरल्या. थोड्याच वेळात वाट चुकल्या. पाट्या वाचता येईनात. दिसेल त्याच्यापुढे बोर्डिंग पास धरायचा, तो हात दाखवील तिकडे चालायचं. दोघांनी उलटसुलट दिशा दाखवल्या. एका सरकत्या पट्ट्यावर तोल गेला, गुडघा खरचटला. रडू येत होतं. "मर, पण बसू नकोस," त्या स्वतःलाच म्हणाल्या आणि एका झाडूवालीच्या बाहीला धरून थेट तिलाच घेऊन गेटवर पोहोचल्या. दार बंद व्हायच्या बेतात होतं.

सॅनफ्रान्सिस्कोला दीपाली नवव्या महिन्याचं पोट सावरत खुर्च्यांमागून खुर्च्या न्याहाळत होती. शेवटची खुर्ची रिकामीच बाहेर आली, तेव्हा तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्या खुर्चीच्या मागून आवाज आला, "इकडे बघ की गं!"

आई लंगडत, ट्रॉली ढकलत येत होती. दीपाली रडत तिच्या गळ्यात पडली. "का असा हट्ट करतेस गं?"

"हट्ट केला नसता तर तू आज गावात गुरं राखत असतीस," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "चल, भूक लागलीय."

नात झाली, तिला न्हाऊमाखू घालून त्या सहा महिन्यांनी परतल्या. पुढे आणखी दोनदा गेल्या. शेवटच्या खेपेला क्वार्टरमधल्या शेजारीण सोजरबाईंना बरोबर घेतलं; त्यांची लेकही तिकडेच होती. सोजरबाईंचा मुलगा दारात आडवा उभा राहून म्हणत होता, "या वयात एवढ्या लांब? मुळीच नाही."

"बाजूला हो," चंद्रभागाबाईंनी त्याला सांगितलं आणि सोजरबाईंची पेटी स्वतःच्या हातात घेतली.