पुढच्या सीटची झळ

"ड्रायव्हर, तुझी काच चढव. वारा तुझ्या अंगावरून मागे येतो."

बाईसाहेब हे रागाने बोलल्या नाहीत. पदर नाकाला लावला होता, एवढंच. मी "जी" म्हणालो आणि काच चढवली.

त्या दिवसापासून तो नियमच झाला. मागच्या काचा अर्ध्या उघड्या, त्यांवर वाळ्याचे ओले पडदे. पुढच्या दोन्ही काचा बंद. बोनेटच्या मागे, समोरच्या काचेखाली, हवा आत घ्यायची एक झडप होती. तिचा दांडा माझ्या गुडघ्याशी. तोही बंद, कारण ती हवासुद्धा आधी मला लागून मग मागे जायची. गाडी विलायती. हवेचा एकूण एक खटका माझ्या हाताशी. आणि मी घामाने निथळत बसलेलो.

मध्यभारत नावाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. उन्हाळ्यात राजधानी इंदूरला यायची, ग्वाल्हेरचे साहेबलोक यायचे, आणि आमचे दादासाहेब त्यांना चहाला बोलवायचे. संस्थानी अमलात ते मोठ्या हुद्द्यावर होते. हुद्दा गेला होता, गाडी राहिली होती. मी इंदूरच्याच परदेशीपुऱ्यातला, मिल कामगाराचा मुलगा. लढाईत मिलिटरीच्या लॉऱ्या हाकल्या, म्हणून ही नोकरी मिळाली. जात त्यांनी विचारली नाही. पहिल्या दिवशी पाणी मागितलं तर ओंजळीत वरून ओतलं. विचारायची गरज नव्हती.

जेठ महिन्यात आम्ही महेश्वरहून परत येत होतो. मागे दादासाहेब आणि बाईसाहेब. पुढे मी, आणि माझ्या शेजारी सरूबाई. सरूबाईने त्या घरातली दोन मुलं वाढवली होती. आता पन्नाशी उलटलेली, जुनी इंदूर मोहल्ल्यात एकटी राहायची. तिला बरोबर घ्यायचे ते पडदे ओले करायला. गाडी थांबली की ती उतरायची, लोट्याने पडद्यांवर पाणी मारायची आणि पुन्हा पुढे, बंद काचेआड येऊन बसायची.

मानपूरचा घाट सुरू झाला आणि इंजिन तापलं. काटा वर चढत चालला. मी म्हणालो, "साहेब, थोडं थांबावं लागेल. इंजिन थंड होऊ द्यावं."

"रुकायचं नाही. पाच वाजता मंडळी येणार. काहीतरी कर."

गप्प बसायला हवं होतं. पण मला युक्ती येत होती, आणि ती येते हे दाखवायचं होतं. मी म्हणालो, "हीटर चालू केला तर इंजिन टिकेल. इंजिनातलं तापलेलं पाणी डॅशबोर्डखालच्या पेटीत फिरतं, पंखा ती उष्णता गाडीच्या आत टाकतो. पण पुढे झळ लागेल, साहेब."

दादासाहेब म्हणाले, "पुढे कोण आहे?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं असं नाही. सरूबाईचं डोकं त्यांच्या समोर हातभर अंतरावर होतं. तिने ऐकलं. मीही ऐकलं. आणि मी बटण फिरवलं, पंखा सुरू केला.

पेटीची तोंडं आमच्या पायांवर. भट्टीचं दार उघडावं तसं झालं. मी बूट घातले होते. सरूबाई अनवाणी होती. तिने पाय उचलून सीटवर घेतले.

"सरू, पाय खाली घे. गादी खराब होते," बाईसाहेब म्हणाल्या.

तिने पाय खाली घेतले. थोड्या वेळाने हळूच मला म्हणाली, "भिया, पाय भाजून राहिलेत. जरा काच उघडू का?" मी काट्याकडे बघत राहिलो. तिने चार बोटं काच उतरवली.

"कोणी उघडली ती?" मागून आवाज आला. "धूळ येऊन राहिली इकडे."

आता जे लिहितो ते इतकी वर्षं मी कुणाला सांगितलेलं नाही. मी एका हाताने स्टिअरिंग धरलं, तिच्या अंगावरून दुसरा हात नेला आणि काच स्वतः चढवली. बाईसाहेबांनी मला सांगितलंही नव्हतं. नुसतं कोणी उघडली एवढंच विचारलं होतं.

नंतर तिने डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. काटा खाली येत होता, मी खूश होतो. एका वळणावर तिचं डोकं दाराच्या काचेवर आपटलं आणि ती सावरली नाही. तोंड उघडं, ओठ पांढरे.

मी गाडी उभी केली. हीटर बंद केला. सगळ्या काचा खाली केल्या, झडप उघडली. मागचे पडदे ओढून काढले आणि तिच्या डोक्यावर टाकले. मग बाईसाहेबांच्या पायाशी पाण्याची सुरई होती ती उचलली.

"ती आमची आहे," बाईसाहेब म्हणाल्या.

मी सुरई सरूबाईच्या पायांवर रिकामी केली. तळव्यांना फोड आले होते.

"किल्ली दे," दादासाहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

"उद्यापासून नाही येत. आता किल्ली घेऊन काय करता? चालवता येते?"

त्यांना येत नव्हती. महूपर्यंत मी सगळ्या काचा उघड्या ठेवून गाडी आणली. धूळ चौघांच्या अंगावर सारखी बसली. महूच्या दवाखान्यात मी सरूबाईला उचलून आत नेलं, किल्ली बोनेटवर ठेवली आणि तिच्यापाशी बसून राहिलो.

परदेशीपुऱ्यात माझी वाहवा झाली. "भिया, बाईसाहेबांची सुरई ओतली म्हणे." लोक चहा पाजायचे. मी ओतल्याचं सांगायचो, काच चढवल्याचं सांगायचो नाही.

पंधरा दिवसांनी जुनी इंदूरला सरूबाईकडे गेलो. पायांना फडकी बांधलेली. ती पुन्हा त्याच घरी कामाला जाणार होती. मी म्हणालो, "त्या घरी जाऊ नका."

"मग खाऊ काय?" ती म्हणाली. आणि शांतपणे, "भिया, मी काच उघडली होती. चढवली तू."

मी माफी मागितली. ती फडकी सोडत राहिली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

तिच्याकडे पुन्हा माफी मागायला गेलो नाही. मिळाली असती तर मी मोकळा झालो असतो, आणि मला मोकळं व्हायचं नाही. मागून हुकूम आला होता, हे खोटं नाही. पण बटण फिरवणारा हात माझा होता, आणि काच चढवायला तर हुकूमही लागला नव्हता. मी अजून गाडीच चालवतो. नोकरी धरताना आधीच सांगतो, माझ्या शेजारी बसलेल्या माणसाची काच बंद होणार नाही. दोन जागी नाही म्हणाले. तिसऱ्या जागीही नाही म्हणतील, चौथ्या जागीही म्हणतील. मी सांगत राहणार. आणि कबूल करून कुणी पुढे शब्द फिरवला, तर आधी गाडी थांबेल. घाट असो, जेठाचं ऊन असो. बोलणं नंतर.