सासूबाईंची मान

सासूबाई ईटला, आमच्या गावी, शेरडं राखतात. मागच्या वर्षी मी अगदी त्यांच्या बाजूला जाऊन बसले, तरी त्यांना पत्ता नाही. बोलल्यावर दचकल्याच. समोरचं दिसायचं, दोन्ही कडांचं नाही. कळपाच्या कडेची शेरडं त्यांच्या लेखी नव्हतीच.

मी धाराशिवला एमआरआयचं मशीन चालवते. त्यांना तिथंच आणलं. नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते, तिथं गाठ निघाली. तिनंच डोळ्यांच्या नसा दाबल्या होत्या. गाठीत पू आहे का, हे कळल्याशिवाय सोलापूरचे सर्जन ऑपरेशनचं ठरवणार नव्हते. ते एमआरआयमधल्याच डिफ्यूजन नावाच्या तपासणीत कळतं. रोजच्या झटपट पद्धतीनं केली, तर नाकामागच्या पोकळीतल्या हवेमुळे चित्र नेमकं गाठीपाशीच वेडंवाकडं आलं. आमचे डॉक्टर म्हणाले, "त्या जागी असंच येतं."

हे वाक्य मला मुळीच सहन होत नाही. दुसरी एक पद्धत आहे, ती हवेला फारशी भीक घालत नाही, पण संथ आहे. बरीच मिनिटं तसूभरही हलायचं नाही. बाहेर पेशंट ताटकळले होते. "एकदा करून बघू," असं मी नम्रपणे म्हणाले खरी, पण आतून हट्टालाच पेटले होते.

चित्र पुसट आलं. मी आत जाऊन तडकले, "आत्याबाई, हलू नका म्हणलं होतं ना?"

"तूच माईकवरनं सारखी इचारतीस, बरं हाय का, बरं हाय का. मग मान बी हलवायची न्हाय व्हय? आता तू गप बस. म्या न्हाय हालायची."

चूक माझीच होती. लाज वाटली. पुन्हा मशीन सुरू केलं आणि माईकचं बटण दाबणारा हात मांडीखाली दाबून बसले. इतकी भीती मला त्या खुर्चीवर कधी वाटली नव्हती.

झटपट पद्धतीचं आणि हे नवं, अशी दोन्ही चित्रं शेजारी लावली. पहिल्यात नुसता पांढरा फराटा, दुसऱ्यात गाठीची कड न् कड. पू नव्हता. डॉक्टर खुर्ची ओढून बराच वेळ बघत बसले, मग त्यांनी स्वतःच सोलापूरला फोन लावला.

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी ईटला गेले. सासूबाई शेरडांना पाला टाकत होत्या. मी मुद्दाम, पाय न वाजवता, बाजूला जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वळवली नाही.

"नुसती उभी काय ऱ्हातीस?" समोर बघतच त्या म्हणाल्या. "त्ये कडंचं करडू पळालं बघ. धर की."