धर्मराजने केलेली पेनाची मूठ

"ढिलं ठेवू नका. ढिलं ठेवलं की जळतं."

धर्मराजच्या तोंडून हे दिवसातून दहा वेळा ऐकायला मिळायचं. आमच्या आष्टीत त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पंचक्रोशीतल्या जळालेल्या पाणबुडी मोटारी त्याच्यापुढं आडव्या पडलेल्या असतात, आणि एकेकीच्या पोटातलं काळं पडलेलं तांबं उपसताना तो शेतकऱ्याला हेच समजावतो. वायर ढिली, बुश ढिली, नट ढिला, की मोटार गेली. बोलता बोलता ते त्याच्या अंगातच मुरलं. जाता-येता दिसेल ते तो आवळतो. नंदाबाईवहिनी, त्याची बायको, म्हणायची की यांनी लावलेलं लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला यांनाच दुकानातून बोलवावं लागतं.

मी रोज दुपारी त्याच्याकडं बसतो. म्हणून हे सगळं मला ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी त्यानं जालन्याहून एक लहानसं मशीन आणलं. स्टुलावर मावेल एवढं. कंप्यूटर सांगेल तशी त्याची सुई पत्र्यावर फिरते आणि नाव कोरते. लोक त्याला सीएनसी म्हणतात, धर्मराज 'बारकं' म्हणतो. स्टार्टरच्या पेटीवर मालकाचं नाव कोरून द्यायचं, हा त्याचा हौसेचा उद्योग.

त्याच्या दुकानावरची पाटी देवानंदनं रंगवलेली. देवानंद त्याचा शाळेपासूनचा सोबती आणि आमच्या गावाचा पेंटर. गावात लग्न निघालं की घराच्या दर्शनी भिंतीवर नवरा-नवरीची नावं देवानंदनंच लिहायची, असा तीस वर्षांचा शिरस्ता. त्याच्या अक्षराला एक पोट असायचं, भरल्या कणसासारखं. कित्येक पोरी सासरी गेल्या, नातवंडं झाली, तरी माहेरच्या भिंतीवर त्यांची नावं अजून आहेत.

मागच्या वर्षापासून देवानंदचा हात थरथरायला लागला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मग त्यानं ब्रश धुऊन डब्यात ठेवले, ते ठेवलेच. आणि यंदा त्याच्या स्वतःच्या पोरीचं, अर्पिताचं लग्न ठरलं. भिंतीचं विचारलं तर म्हणाला, परतूरहून बॅनर छापून आणू. अर्पिता बापाला काही बोलली नाही. नंदाबाईवहिनीजवळ मात्र रडली. सगळ्या गावाच्या पोरींची नावं बाबांच्या हातची, आणि माझंच बॅनरवर, असं म्हणाली.

वहिनीनं जेवताना हे सांगितलं. धर्मराज हात धुऊन सरळ उठला. लग्नाला बारा दिवस होते.

त्यानं गावभर हिंडून देवानंदच्या जुन्या पाट्यांचे फोटो काढले. किराणा दुकानाच्या पाटीवरून अर्पिताचा अ घेतला, गिरणीवरून नवरदेव सुयशचा सु. जे जोडाक्षर कुठं सापडलं नाही ते कंप्यूटरवर दोन तुकडे जुळवून बसवलं. आता बारक्याच्या सुईच्या जागी पेन बसवायचं, म्हणजे एकेका कागदावर एकेक मोठं अक्षर उतरेल. त्यासाठी पेन धरायला मूठ हवी. त्यानं नायलॉनचा ठोकळा घेतला, भोक पाडलं, पेन घातलं आणि दोन्ही बाजूंनी स्क्रू आवळले. अर्थातच जीव खाऊन आवळले.

मशीन चाललं. अक्षराचा डावा भाग उमटला, मधे पेन हवेतच फिरलं, आणि उजवीकडं टोकानं कागद टरकन फाडला. खालची फळी केसभर तिरपी होती. धर्मराजनं फळीखाली पत्र्याचे तुकडे सरकवले आणि स्क्रू आणखी आवळले. पेन मोडलं. चार दिवसांत पाच पेनं मोडली. मी म्हटलं, जरा सैल करून बघ. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी तंबाखू मळायला घेतली.

पाचव्या दिवशी देवानंद लग्नाची पत्रिका घेऊन आला. धर्मराजनं कागद झाकायच्या आत त्याची नजर पडली. त्यानं तो फाटका कागद उचलला.

"ह्यो माझा अ हाय."

"तुझाच हाय," धर्मराज म्हणाला. "अर्पिताचं नाव काढून राह्यलो. पण साधून न्हाई राह्यलं."

देवानंद रागावेल असं मला वाटलं. तो खाली बसला, मूठ निरखली आणि हसला. "लेका, पेन हाय ते. तू त्याला नटावानी आवळलं."

मग त्यानं एक पेन आपल्या थरथरत्या बोटांत धरलं आणि धर्मराजला ओढायला सांगितलं. ते अलगद वर निघून आलं.

"बोटांनी फक्त रस्ता द्यायचा. बाजूला हलू द्यायचं न्हाई. वरखाली त्याचं त्याला जाऊ दे, भिंतीला खड्डा असला की ते आपसूक उतरतं."

धर्मराजनं ठोकळ्याचे स्क्रू सोडले. मग त्यानं भंगारातून पाणबुडी मोटारीची एक जुनी बुश, म्हणजे दांडा फिरतो ती पितळी कडी, काढली, पेनाच्या मापाची नळी तिच्यात बसवली आणि पॉलिश पेपरनं घासत बसला. बाजूला केसभरही खेळ नाही, पण वर उचलून सोडलं की पेन स्वतःच्या वजनानं खाली यायचं. त्यानं ते वीसेक वेळा उचलून सोडलं. त्याच्या दुकानात मुद्दाम मोकळी ठेवलेली ती पहिली वस्तू.

अ उमटला. भरल्या कणसासारखा. देवानंद बघत होता. पुढच्या अक्षराला म्हणाला, वेलांटी घाई करते, मशीन हळू चालव. धर्मराजनं निमूट वेग कमी केला.

पुढचं वहिनीनं केलं. भरतकामाचे नमुने ती जसे कापडावर उतरवते, तशी सगळ्या कागदांना रेघेवरून सुईनं भोकं पाडली, कागद भिंतीला लावले आणि वरून निळीची पुरचुंडी फिरवली. भिंतीवर बारीक ठिपक्यांची नावं उभी राहिली. देवानंदसमोर तिनं ब्रशचा डबा ठेवला आणि आत गेली.

डाव्या हातानं उजवं मनगट धरून देवानंदनं तीन दिवस ती नावं भरली. रंग रेघेबाहेर गेला की ओल्या फडक्यानं पुसायचा, पुन्हा भरायचा. अर्पिता शेजारी रंगाची वाटी धरून उभी असायची.

हळदीच्या दिवशी सुयशकडची मंडळी आली. त्यांच्यातल्या एकानं भिंतीपुढं थांबून, हे अक्षर कोणाचं, म्हणून विचारलं. धर्मराज तिथंच पाण्याची मोटार जोडत होता. देवानंद स्टुलावर चढून शेवटची किनार मारत होता. तो धर्मराजकडं बोट करणार, तेवढ्यात धर्मराजच बोलला.

"देवानंदचं. दुसऱ्याला जमतं काय असं?"

मग पान्याची पिशवी उचलून, कोणाच्या तरी विहिरीवर जायचंय म्हणून तो निघाला. जाता जाता मांडवाची दोरी आवळली. दोन पावलं गेला, मागं फिरला, दुसरीही आवळली. आणि उन्हात रस्त्याला लागला. देवानंद हातात ओला ब्रश धरून स्टुलावर तसाच उभा होता, धर्मराज बसस्टँडच्या वळणाआड जाईपर्यंत.