मामासमोर घेतलेला जबाब

ती घटना आजही आठवते आणि स्वतःचाच राग येतो. मुळशी तालुक्यात मोबाईल नुकते पोचले होते, तेव्हाची गोष्ट. माले गावाच्या वरच्या अंगाच्या वाडीतला एक माणूस, मी फौजदार होतो त्या ठाण्यात खबर घेऊन आला.

"सायेब, एक बाई वाडीवर येतीया. पोरींना एकटं गाठून बोलतीया. आमाला लांब बसवती. पोरी पळवायचा डाव हाय ह्यो."

त्याची तेरा वर्षांची पोरकी भाची त्याच्याकडेच राहायची. तिच्या काळजीने हा मामा दोन डोंगर उतरून आला, याचं मला कौतुक वाटलं.

बाईंना बोलावून घेतलं. पुण्याच्या समाजकार्य महाविद्यालयातल्या संशोधक निघाल्या. अडचणीतल्या मुलांशी कसं बोलावं, हा त्यांचा अभ्यास. कॉलेजचं पत्र होतं, पण वहीत एकाही मुलीचं नाव नव्हतं. नावाच्या जागी फुलांची चित्रं!

"नावं का लपवलीत?"

"वही कुणाच्या हाती पडली तर मुलींना त्रास नको म्हणून. साहेब, त्या भाचीशी एकदा मामांना बाहेर ठेवून बोला. त्यांचा विषय निघाला की ती गप्प होते."

चोराच्या उलट्या बोंबा, असं मी मनात म्हटलं. मुलीला आणवलं. लहान मुलाचा जबाब घेताना पालक शेजारी बसवायची आमची पद्धत, म्हणून मामाला खुर्ची दिली.

"बाई तुला कुठं नेणार होती?"

मुलीने मामाकडे पाहिलं. "व्हय."

प्रश्न काय, उत्तर काय! तरी मी ते लिहून घेतलं. आमच्या ठाण्यातल्या एकमेव महिला शिपाई कानाशी आल्या, "साहेब, पोरगी मामाकडं बघून बोलतीय." मी मामाला चहा घेऊन यायला सांगितलं. तो उठेना. "पोर घाबरंल," म्हणाला. घाबरला होता तो. आता मला त्याचाच संशय आला. हवालदाराने त्याला बाहेर नेलं.

मी दरडावून विचारलं, तर मुलगी आणखी मिटली. कोपऱ्यात बसवून ठेवलेल्या बाई म्हणाल्या, "टोपी काढा साहेब, आणि समोर बसू नका." महिला शिपायांनी बाजारातून पावट्याच्या शेंगा आणल्या होत्या. त्या सतरंजीवर ओतल्या आणि आम्ही चौघं सोलायला बसलो. बाईंनी तिला आधीच सांगितलं, "नको वाटलं तर बोलू नकोस. पण तुला धोका असेल, तर मी तो लपवून ठेवणार नाही."

निम्म्या शेंगा झाल्या. शेंगेवरची नजर न काढता मुलगी म्हणाली, "ताई कामाला म्हणून गेली ती आलीच न्हाई. मामानंच धाडली. सोमवारी मला धाडणार हाय. कुटं बोललीस तर ताईला मारत्याल, म्हनला."

त्या दिवशी शनिवार होता. मामाला उलटसुलट विचारल्यावर त्याने संध्याकाळच्या आत पत्ता ओकला. थोरली बहीण परजिल्ह्यातल्या एका घरात सापडली. तिला कोंडून राबवत होते. दोघी बहिणी ठाण्यात एकमेकींना बिलगल्या, तेव्हा माझेही डोळे भरले. बाईंची मी माफी मागितली.

मग धाकटीला विचारलं, "पहिल्यांदा मला खोटं का सांगितलंस गं?"

"तुमी मला कुटं इचारलं? मामाला इचारलं."

पुढे निवृत्तीपर्यंत लहान मुलाचा जबाब घेताना मी पहिला प्रश्न एकच विचारत आलो: तुझ्याजवळ कोण बसलेलं चालेल?