छापून आलेले लग्न

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र वेगळे राहिले आहे. त्या दिवशी सकाळची हजेरी नुकतीच संपली होती आणि ठाण्यात दोघे येऊन बसले होते. एक होता कसबा बावड्यातला तरुण शेतकरी, दुसरे त्याच्या भावकीतले निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे गुरुजी म्हणत.

तक्रार अशी होती. तरुणाचे चुलते वारले होते. उमेदीची काही वर्षे सोलापूरच्या गिरणीत काढून ते गावी परतले होते आणि गावाच्या माहितीप्रमाणे त्यांनी लग्न केलेच नव्हते. म्हातारपणी या पुतण्यानेच त्यांचे दुखणेखुपणे काढले. आता कबनूरच्या एका बाईने आपण त्यांची मुलगी असल्याचे सांगून जमिनीला वारस म्हणून नाव लावण्याचा अर्ज दिला होता. सोबत तिचा शाळा सोडल्याचा दाखला होता आणि त्यावर वडील म्हणून चुलत्यांचे नाव होते. पुतण्याच्या मते दाखला बनावट होता.

गुरुजी भावकीची वंशावळ तयार करत होते. जुन्या वर्तमानपत्रांत छापलेल्या जन्माच्या, लग्नाच्या, निधनाच्या सूचना वाचनालयात बसून उतरवून घ्यायची त्यांना सवय होती. त्यांनी एका लग्नाच्या सूचनेची प्रत माझ्यापुढे ठेवली. वधू म्हणून त्या बाईच्या आईचे नाव होते, आईच्या वडिलांचे नाव होते, गाव होते. वर मात्र भलताच कोणी होता.

"हिच्या आईचं लगीन दुसऱ्याशी झालंय, साहेब. पेपरच सांगतोय की," पुतण्या म्हणाला. "काका माझे सरळ माणूस. मेल्यावर त्यांच्या गळ्यात पोरगी बांधाय निघालीत."

त्याचा राग खरा होता. मी गुन्हा नोंदवला.

आधी दाखला शाळेच्या रजिस्टरशी ताडून पाहिला. तो अस्सल निघाला. पण शाळा पालक सांगेल तेच नाव लिहिते, त्यामुळे सूचनेचा प्रश्न तसाच उरला. बाईमाणसांचा जबाब त्यांच्या घरी घ्यायचा असतो, म्हणून महिला हवालदाराला घेऊन मी कबनूरला गेलो. घराच्या भिंतीला लागूनच यंत्रमागांची शेड होती. दार लावल्याशिवाय एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. बाई त्याच शेडमध्ये मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती.

"एवढ्या लांबनं आलायसा तर च्या घ्या, मग धरून न्या," बाई म्हणाली.

मी प्रत दाखवली. तिने नाव नीट वाचले.

"नाव आईचंच हाय. पर बाई दुसरी असंल."

"आईच्या वडिलांचं नाव तेच, गावही तेच?"

"मग पेपरवाल्यांनी खोटं छापलंय. माझ्या आईचं एकच लगीन झालंय, सोलापुरात, देवळात. जमीन नगं म्हटलासा तरी चालंल साहेब, पर माझा बाप दुसरा हाय असं कुठं लिहू नगा."

मी म्हातारीकडे वळलो. "आजी, तुम्ही सांगा. हे खोटं छापलंय का?"



"छापलं तवा खरंच हुतं," ती म्हणाली. "मांडवबी पडला हुता."

मग तिने सांगितले. पत्रिका वाटून झाल्या होत्या, पेपरात सूचना आली होती, आणि हळदीच्या आधी नवऱ्या मुलाचे वडील वारले. सुतक फिटल्यावर बघू असे ठरले. पण त्या घराने मुलगी पांढऱ्या पायाची म्हणून लग्नच मोडले. मग तिला कोणी विचारेना. तिचा भाऊ सोलापूरच्या गिरणीत होता. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या या चुलत्यांनी कोणाला न बोलावता देवळात तिच्याशी लग्न केले. त्यांना घरी आईचा धाक होता, म्हणून बावड्यात कळू दिले नाही.

"पोरगी झाल्यावर म्हटलं, घरला न्या. न्हेतो न्हेतो म्हणत ऱ्हायले. मग मीच भावाबरोबर हिकडं आले."

मुलीने हातातला कप खाली ठेवला. "आये, हे तू मला कधी बोलली न्हाईस."

"काय बोलायचं? लगीन मोडलेली हाय म्हणून?"

परत आल्यावर मी प्रत पुन्हा वाचली. तळाला बारीक अक्षरांत एक ओळ होती: नजरचुकीने पत्रिका न पोचल्यास हेच आमंत्रण समजून अगत्याने यावे. आपल्याकडे प्रत्येक घराने ही ओळ कधी ना कधी छापली आहे. आमंत्रण लग्नाआधी देतात. म्हणजे या कागदाने लग्न ठरल्याचे कळत होते, लागल्याचे नव्हे.

मी गुरुजींना विचारले, "पुढचे अंक पाहिलेत?"

"कशाला? लगीन सापडलं की."

आम्ही दोघे वाचनालयात गेलो. सूचनेनंतरच्या एका अंकात, आतल्या पानाच्या कोपऱ्यात छोटी चौकट होती. वराकडे दुःखद घटना घडल्याने नियोजित विवाह पुढे ढकलला आहे, कृपया कोणी येऊ नये. गुरुजींनी चष्मा पुसून ती परत वाचली. मग मी न सांगताच त्यांनी पुढचे अंकही चाळले. त्या दोघांचे लग्न पुन्हा कुठेही छापलेले नव्हते.

तो नियोजित वर हयात होता. लग्न मोडल्याचा जबाब त्याने खाली मान घालून दिला. सोलापूरच्या चाळीतली एक शेजारीण सापडली. तिने चुलत्यांना, म्हातारीला आणि तान्ह्या मुलीला एका घरात नांदताना पाहिले होते. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी क समरीचा, म्हणजे तपास बंद करण्याचा, अहवाल पाठवला आणि न्यायालयाने तो मंजूर केला.

पुतण्याने सगळे जबाब वाचले. "मला तरी सांगायचं काकांनी," तो म्हणाला. "मी काय खाल्लं असतं व्हय त्यास्नी?"

निकाल सांगायला मी कबनूरला गेलो. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आता पेपरात येणार व्हय? ह्यांच्यासंगं झालेलं लगीन?"

मी म्हणालो, "आजी, होणाऱ्या लग्नाची सूचना छापतात. होऊन गेलेल्या लग्नाची नाही छापत."

"व्हय, तेबी खरंच," ती म्हणाली.

जुन्या सूचना धुंडाळणारे लोक आता मला पुष्कळ भेटतात. त्यांना मी एवढेच सांगतो की सापडलेल्या अंकावर थांबू नका, पुढचे अंक उघडा. आणि ज्याला लपवायचे होते त्याने सूचना दिलेलीच नसते, हेही धरून चला. या म्हातारीचे मोडलेले लग्न कायमचे छापून राहिले आणि झालेले लग्न कुठेच आले नाही. कायद्याने माझे काम पुरे झाले होते. तिचा प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला आहे.

वारसाची नोंद मंजूर होण्याआधीच म्हातारी गेली. मुलीने मला कात्रण पाठवले. त्यात निधनाची सूचना होती, आणि नावापुढे छापले होते: बावड्याच्या कै. अमुक यांच्या पत्नी. तिच्या लग्नाचा छापील उल्लेख तेवढा एकच. खाली शोकाकुल म्हणून मुलीचे नाव होते आणि त्याखाली पुतण्याचे. सूचनेचे पैसे वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन त्यानेच भरले होते.