आधी भूल द्या

दमारिसबाईंची नोकरी कुणी हौसेनं मागून घेणार नाही. तोराजा लोकांच्या डोंगराळ मुलखातल्या एका लहानशा इस्पितळात शवविच्छेदनासाठी घरच्यांची संमती घ्यायची. बावीस वर्षं तेच. नवे डॉक्टर नुसता कागद पुढे करतात आणि तोंडघशी पडतात. पडतीलच! आमच्याकडे रेडा कापून उत्तरक्रिया होईपर्यंत माणूस मेलेला नसतोच मुळी, आजारी असतो. देह टिकवणारं औषध टोचून त्याला महिनोन्महिने घरातच ठेवतात, जेवण वाढतात, त्याच्याशी बोलतात. आजाऱ्याला कोण चिरू देईल?

लिम्बोंग आजींचा मुलगा पासांग, चाळिशीचा गडी, कॉफीच्या मळ्यात उभ्या उभ्या कोसळला. आजींची धाकटी लेक लिना, तीही मधूनमधून भोवळ येऊन पडायची. डॉक्टर म्हणाले, "हृदयाचं दुखणं घराण्यातलं दिसतंय. याला उघडून पाहिलं तर तिला वाचवता येईल." आजी ढिम्म. लिना रडून थकली.

दमारिसबाई कागद बाजूला ठेवून आजींशेजारी बसल्या. "आजी, मला काही सांगू नका. त्यालाच विचारा की."

आजींनी पासांगच्या कपाळावरून हात फिरवला. "लिनासाठी आहे रे. चालेल ना?" त्याच्या तोंडाशी कान नेला. मग बाईंना म्हणाल्या, "नाही म्हणत नाहीये. पण पोरी, आधी भूल द्या हं. लहानपणापासून दुखलेलं सोसत नाही त्याला."

बाईंनी ती अट संमतीपत्रावर ठळक अक्षरांत लिहिली. आजींनी खाली अंगठा उठवला.

शवविच्छेदनासाठी मकासर शहरातून आलेले तरुण डॉक्टर भडकले. "मेलेल्याला भूल? डोकं फिरलंय का तुमचं, बाई?"

"हळू बोला, ऐकतोय तो. कागदावर आहे तसंच करायचं. नाहीतर उद्यापासून अंगठे घ्यायला तुम्हीच जा."

डॉक्टरांनी मुकाट्यानं सुई भरली, टोचली. आजी लेकाचा हात धरून होत्या. "झोपला आता," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. चाकू उचलताना डॉक्टर जरा थबकले. "दुखलं तर सांगा हं," पुटपुटले. बाईंनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

दुखणं घराण्यातलंच निघालं. लिनाला औषधं सुरू झाली. वर्षभरात ती एकदाही पडली नाही. पासांगच्या उत्तरक्रियेला मात्र अजून अवकाश होता, दूरदूरचे नातेवाईक यायचे होते. दमारिसबाई घरी भेटायला गेल्या, तेव्हा आजी त्याच्या उशाशी कॉफी ठेवत होत्या.

"लिना बरी आहे रे, तुझ्यामुळे," त्या त्याला सांगत होत्या. मग त्याची चादर सारखी करून त्यांनी हळूच विचारलं, "टाके दुखतात का रे अजून?"