गोणपाटातला गुलाब

सिंगापूरमधल्या तोआ पायोहला आमच्या इमारतीखाली एक चिनी आजोबा गुलाबाच्या कुंडीपाशी बसलेले असायचे. नातवाला सांभाळायला चीनमधल्या गावाहून मुलीकडे आलेले. नाव मी कधी विचारलं नाही. मान डोलावण्यापुरतीच ओळख.

डिसेंबरातल्या एका सकाळी पाहते तर आजोबा घामाघूम होऊन त्या गुलाबाला चक्क गोणपाट गुंडाळत होते! समोर मोबाइल उभा केलेला. त्यात त्यांची बायको, जाडजूड कोट घालून गावाकडच्या गुलाबापाशी. तिकडच्या थंडीत झाड जळू नये म्हणून ही सगळी तयारी. आजोबांनी बुंध्याशी माती चढवली की तीही चढवायची. मधेच ती काहीतरी बोलली, तशी आजोबांनी सुतळीची गाठ सोडून पुन्हा नीट मारली.

फोन ठेवल्यावर त्यांनी गोणपाट काढलं, दबलेली पानं सरळ केली आणि गुलाबाला हातपंख्यानं वारा घातला.

"आजींना दरवर्षी शिकवावं लागतं वाटतं?" मी इंग्रजीत विचारलं.

ते खुदकन हसले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "छे! मलाच तिनं शिकवलंय."

संध्याकाळी मी पुण्याला आईला फोन लावला आणि वरणफळं कशी करायची ते विचारलं. मला ती छान येतात.